सवयीचे काम

उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी भैरवगढ आहे. काळभैरवाच्या मंदिरामुळे त्याचे नाव दूरवर गेले. तेथे मेण लावून कापड छापण्याचा जुना धंदा आहे. उज्जैनच्या या बाटिक छपाईला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथेच मध्यवर्ती तुरुंगही आहे. त्या तुरुंगाच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे एक प्रश्न ठेवतो, आणि तो तुरुंगापुरता नाही. माणसाला त्याच्या सवयीचे काम देणे हा अन्याय होतो काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरले. बंदिवानांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. न्यायालयापुढे अनेक राज्यांच्या नियमावल्या होत्या. मध्य प्रदेशाच्या १९८७ च्या नियमावलीत शौचकुपांच्या सफाईसाठी 'मेहतर' धरलेले होते. ती राज्यातील तुरुंगांची, म्हणून भैरवगढचीही. पश्चिम बंगालच्या नियमांत स्वयंपाकी योग्य जातीचा हवा होता. उत्तर प्रदेशाचा नियम अधिक सभ्य भाषेत होता. साध्या कैदेच्या माणसाला हलके काम सांगू नये, मात्र ज्या समाजाला अशा कामाची सवय आहे त्यातला तो असेल तर चालेल, असा त्याचा आशय.

या 'सवय' शब्दाशी थोडे थांबावे. जात म्हणायला जीभ अडखळते तेथे हा शब्द उपयोगी पडतो. आणि तो तुरुंगाबाहेर अधिक चालतो.

आपल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे पाहा. हजेरीपटावर सर्व समाजांची नावे आहेत, किमान वेतन मिळते, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, तपासनीस आला तर बोट ठेवायला जागा नाही. पण सकाळी कामे वाटली की स्वयंपाकघर एका घराण्याच्या हाती आणि गटार दुसऱ्याच्या. बाप निवृत्त झाला की त्याच झाडूवर मुलगा. नाना प्रकारची माणसे एका छपराखाली आली खरी, पण ती एकत्र आली असे म्हणवत नाही.

यावर व्यवस्थापक म्हणतात, "त्याला ते काम येते, आणि तो स्वतःच मागतो." हे उत्तर खोटे नाही, म्हणूनच ते तपासले पाहिजे. भैरवगढचे छिपा कारागीरही बापाकडूनच शिकतात. मेण किती गरम असावे, रंगात कापड किती वेळ ठेवावे, हे हात पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. मग फरक कोठे? छिप्याच्या मुलाने उद्या बँकेत नोकरी धरली तर शेजारी पेढे मागतात. सफाईवाल्याच्या मुलाने शिपायाची जागा मागितली की पहिला प्रश्न निघतो, "मग ते काम कोण करणार?" ज्या सवयीतून बाहेर पडताना असा प्रश्न आडवा येतो, ती त्या माणसाची सवय नव्हे; ती इतरांची सोय आहे. दुसरे काही पुढे ठेवलेच नसेल तर त्याच्या मागण्याला निवड म्हणता येत नाही.

कायदा येथे मदत करतो, पण काही अंतरापर्यंत. हाताने मैला काढायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अपंगांना संधी नाकारण्याविरुद्ध २०१६ चा कायदा खाजगी संस्थांनाही लागू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली वेतन संहिता सांगते की, समान कामाला स्त्री-पुरुष भेद न करता समान वेतन द्यावे. मात्र जातीच्या बाबतीत खाजगी मालकाला नोकरभरतीत भेद करू नको असे सांगणारा सर्वंकष केंद्रीय कायदा आपल्याकडे अजून नाही. शिवाय समान काम मिळूच दिले नाही, तर समान वेतनाचे माप लावायचे कोणाला? भेद वेतनपत्रकात शोधून सापडत नाही. तो आदल्या दिवशी कामाच्या तक्त्यात पडलेला असतो. (तक्ता लिहिणाऱ्या कारकुनाला कोणी कधी याविषयी विचारले असेल असे वाटत नाही.)

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्र बिथरला. पाय धुणे हे ज्यांच्या सवयीचे, त्यांनी ते करावे, असेच त्याच्या मनात असणार. हा भाग आपण दरवर्षी पवित्र सप्ताहात वाचतो; दवाखान्याच्या कामाच्या तक्त्याशी मात्र तो कोणी ताडून पाहत नाही.

डॉक्टरने गटार उपसावे असे आमचे म्हणणे नाही. शिपाई, माळी, स्वयंपाक्याचा मदतनीस, सफाई कामगार हे बहुधा एकाच पायरीवरचे. त्यांच्यात सफाईची पाळी लावता येईल. हातमोजे, बूट आणि यंत्र संस्थेने द्यावे. शिपायाची जागा रिकामी झाली की ती सूचना प्रथम सफाई कामगारांना वाचून दाखवावी, आणि अर्ज भरायला कोणी तरी जवळ बसावे. माळी "हे काम मला सांगू नका" म्हणेल. त्याला रागे न भरता कारण विचारावे, आणि तो जे कारण सांगेल ते कार्यकारिणीच्या पुढच्या सभेच्या वृत्तान्तात जसेच्या तसे लिहून घ्यावे.