परडी कुणी भरायची?

शंका : आम्ही तुळजापूर तालुक्यातले. धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत त्याने सांगितलं, मला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही, मुलांबद्दल वाटतं. ते कसंबसं पचवलं. आता थोरले बंधू म्हणतात, ही माणसं देवधर्म बुडवणारी, मोर्चे काढणारी. नवरात्रात त्याला देवीच्या परडीला हात लावू देऊ नका. पण पोरगा दर मंगळवारी उपास धरतो, मतही आमच्याच पक्षाला देतो. मग खरं काय समजायचं?

समाधान : खरं काय ते तुम्हीच लिहिलंत. मंगळवारचा उपास! जीव कुणावर जडतो यावरून माणसाचा देव ठरत नाही आणि पक्षही ठरत नाही. लिओ वराडकरांचं मूळ घर मालवण तालुक्यातल्या वराडचं. २०१५ साली त्यांनी आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं, २०१७ साली ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले. पक्ष उजवीकडे झुकणारा.

बंधूंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेत समलिंगी मतदार बहुसंख्येने डावीकडे झुकणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे जातात. ज्या दारातून हाकलून देतात, त्या दारात पुन्हा कोण जाईल? आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कलम ३७७ खाली असे संबंध हा गुन्हाच होता. मोर्चे त्यासाठी निघत, देवाविरुद्ध नव्हे. लग्नाचा हक्क मात्र २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही दिला नाही, म्हणून मोर्चे अजून निघतात.

(जाता जाता : असल्याच पत्रांना र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून उत्तरं देत. त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे हरले. मी बराच स्वस्तात सुटतोय.)

आता परडी. भवानीच्या नावाने जोगवा मागणाऱ्या आराध्यांत तृतीयपंथीही असतात. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर हळदकुंकू, हातात परडी. बायाबापड्या वाकून त्यांच्या पाया पडतात, तुमचे बंधूही कधी पडले असतील. तुमचा मुलगा तृतीयपंथी नाही, ती गोष्ट वेगळी. पण त्यांच्या हातच्या परडीचा ज्या देवीला विटाळ होत नाही, तिला तुमच्या पोराच्या हाताचा कसा होईल?

घटस्थापनेला त्याला बोलावून घ्या आणि परडी त्याच्याच हातून भरा. बंधूंना मात्र आधी सांगून ठेवा, ऐन आरतीला वाद नको.