शेवळं

१ जूनला मासेमारी बंद होते. हर्णे बंदरातला लिलाव थांबतो, नावा वर ओढून शाकारल्या जातात. त्याच सुमारास मागच्या डोंगरउतारावर, पहिल्या सरींनी भिजलेल्या मातीतून शेवळं वर येतात. दर्या मिटतो तेव्हा रान हात देतं.

या रानभाजीला आधी फूल, मग पान. उमललं की कुजका दर्प सुटतो. तो किड्यांना बोलावण्यासाठी. आपल्याला आमंत्रण नाही. आपण त्याला मिटलेलं असतानाच गाठतो.

शेवळं सुरणाचं भावंड. अंगात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया. चुकीचं शिजलं तर घसा धरतो. म्हणून वरची आवरणं सोलायची, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात परतायचं आणि काकडाच्या आंबट फळांच्या रसात शिजवायचं. काकड नसेल तर चिंच. वर उन्हाळ्यात वाळवलेले सोडे. बंद पडलेला दर्या असा भाजीत येतो.

काकडाची फळंही याच दिवसांत धरतात. पण शेजारी उभं असलेलं औषध ओळखायला कुण्या बाईने आधी स्वतःचा घसा खाजवून घेतलेला असतो. त्या बाईचं नाव कुठल्याच ग्रंथात नाही. पाककृतीत मात्र ती आहे, पिवळा भाग टाकून देणाऱ्या प्रत्येक बोटात.

याच कुळातला कोन्याकू जपानी लोक खातात. कंद वाळवून पीठ करायचं, चुन्याच्या निवळीने ते थिजवायचं. तिथे चुना, इथे आंबट. खाजरं झाड दोघांनीही फेकून दिलं नाही, याचा मला फार आनंद वाटतो. सोपं ते कुणीही खातं. अवघडाशी जुळवून घेतात ती माणसं त्या रानातली होतात.

जुडीतलं प्रत्येक शेवळं म्हणजे न धरलेलं बी. तरी कंद जमिनीत असतो, पुढच्या पावसाला तो पुन्हा फुटतो. म्हणून खुडणाऱ्या हाताला मी दोष देणार नाही. उतार सपाट करणारं यंत्र मात्र कंदासकट माती नेतं. प्लॉट पाडताना बांधावरचा काकडही जातो, आणि त्याची दखल कुणी घेत नाही, कारण तो आंबा नाही, काजू नाही. शेवळं राखायची तर उतारासोबत बांधावरचा काकडही राखायला हवा.