आठव्या अध्यायातली आई



दत्तजयंतीच्या सप्ताहात घरोघरी गुरुचरित्राचं पारायण चालतं. आठव्या अध्यायात कुरवपूरची कथा येते. अंबिकेचा मुलगा मंदबुद्धी. वडिलांनी मारझोड करून शिकवलं, तरी विद्या येईना. पुढे वडील वारले, दारिद्र्य आलं, लोक त्या पोराला टोचून बोलू लागले. शेवटी मायलेक कृष्णेत जीव द्यायला निघाले. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना अडवलं, आईला शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं, मुलाच्या मस्तकी हात ठेवला आणि तो विद्वान झाला.

कथेचा शेवट गोड आहे. पण आज आपल्या भंडारा जिल्ह्यातही अशा आया आहेत. पोरगं चौथीत गेलं तरी दोन ओळी वाचता येत नाहीत, वर्गात एका जागी बसत नाही. व्रत झालं, पारायणं झाली, तरी फरक नाही. अशा आईने "माझं काय चुकलं?" असं विचारलं, तर आपण भक्तमंडळींनी काय उत्तर द्यावं?

आपल्या तोंडी एक तयार उत्तर असतं, प्रारब्ध. प्रारब्ध मीही मानतो. पण ते स्वतःचं दुःख सोसायला आहे, दुसऱ्याच्या दुःखावर चिकटवायला नाही. शास्त्राने प्रारब्धाच्या जोडीला क्रियमाण कर्मही सांगितलंय. त्या आईशी आपण आज जे बोलतो ते आपलं क्रियमाण, आणि ते आपल्याच खात्यावर जमा होतं. कथा नीट वाचा. मायलेकांना नदीपर्यंत नेलं ते विद्या नसण्याने कमी आणि लोकांच्या जिभेने जास्त.

दुसरं म्हणजे कथेतला क्रम पाहा. महाराजांनी आधी अडवलं, विद्या मागाहून दिली. मूल हुशार होईल की नाही हे पाहून त्याला वाचवलं नाही. समजा तो मुलगा जन्मभर तसाच राहिला असता, तरी वाचवण्याजोगा होताच ना? विद्या देणं गुरूंच्या हाती. अडवणं, जवळ करणं मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे.

आपल्याच विदर्भातल्या कारंज्याला बाळ नरहरी मुंज होईपर्यंत 'ॐ' शिवाय काही बोलले नाहीत. तेच पुढे श्री नृसिंह सरस्वती झाले. ते अवतारी पुरुष होते. आपलंही मूल एक दिवस आपोआप बोलू लागेल, असं धरून घरी बसून राहणं बरं नव्हे. स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता हा आळस नाही, आईच्या संस्कारांचा दोषही नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. तिथे छडीचा उपयोग नाही, वेगळ्या पद्धतीने शिकवण्याचा आहे.

सरकारनेही हे मान्य केलंय. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. प्रमाणपत्र असलं तर दहावी-बारावीला जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिकही मिळतो. मुख्याध्यापकांशी बोलावं, तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करावी, तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात जावं.

पुष्कळ आईबाप प्रमाणपत्र काढत नाहीत. म्हणतात, पोरावर शिक्का बसेल. मी बँकेत कारकुनी केली. सही न येणारे पुष्कळ खातेदार यायचे. त्यांच्यासाठी शाईचा पॅड आणि साक्षीदार अशी वेगळी सोय असायची. पण अंगठा लावला म्हणून कुणाच्या ठेवीवर व्याज पाव टक्काही कमी झालं नाही. सोय वेगळी, किंमत तीच. प्रमाणपत्राचं असंच आहे.

यंदा जन्मोत्सवाला झांजा-घंटा सुरू झाल्यावर एखादं मूल कानावर हात ठेवून ओरडलं, तर मागे वळून कपाळाला आठ्या घालू नका. त्याच्या आईला थोडी जागा करून द्या, मुलाला प्रसाद आधी द्या. आणि "शाळेत कितवा नंबर आला रे?" हे मात्र त्याला विचारू नका.