नाव कुठून आणलं?

अलिबाग-मुरुडकडच्या गावांत बारसं आजही थाटात होतं. पाळण्याला फुलांच्या माळा लागतात, घुगऱ्या शिजतात, आत्या बाळाच्या कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ करते आणि तिच्या पाठीत बुक्के घालायला बायका टपलेल्या असतात. बदललंय ते नाव. आत्याच्या तोंडी आता कियारा असते, मायरा असते. मागे बसलेले आजोबा विचारतात, “याचा अर्थ काय गं?” मग कुणीतरी मोबाइल काढतं आणि देवीचं एखादं रूप किंवा विष्णूचा एखादा अंश वाचून दाखवतं. आजोबा मान डोलावतात. गोष्ट बिघडते ती इथे.

कारण खरी हकीकत मोबाइलमधल्या त्या अर्थापेक्षा रंजक असते. 1998 साली ‘द लायन किंग’चा दुसरा भाग आला. त्यात सिंबा या सिंहराजाच्या लेकीचं नाव कियारा. पुढे 2010 मध्ये ‘अनजाना अनजानी’ या हिंदी चित्रपटाच्या नायिकेचं तेच नाव होतं आणि ते आवडलं म्हणून आलिया अडवाणी हिने पडद्यासाठी कियारा हे नाव घेतलं. मायरा तर त्याहून कितीतरी जुनी. फल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने सुमारे चारशे वर्षांपूर्वी आपल्या प्रेमकवितांसाठी हे नाव घडवलं, असं मानतात. म्हणजे एकीच्या नावामागे सिंहाची छावी आहे आणि दुसरीच्या नावामागे कवीची कल्पना. यात लपवण्यासारखं काय आहे?

“कार्टूनमधलं नाव कसलं ठेवता?” असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी शकुंतला आठवावी. अरण्यात टाकलेल्या त्या तान्हीला शकुंत पक्ष्यांनी सांभाळलं, म्हणून कण्वांनी तिला हे नाव दिलं, असं महाभारत सांगतं. तिचं नाव म्हणजे तिची गोष्टच.

आपल्या किनाऱ्यावर पूर्वी नावाचा अर्थ कुणी विचारत नसे, कारण ते कोणाचं नाव हे सगळ्यांना ठाऊक असे. श्रीवर्धनच्या भटांकडे पाहा. बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यांच्या नातवाचं, म्हणजे नानासाहेबांचं, नाव बाळाजीच ठेवलं गेलं. पहिल्या बाजीरावांचा नातू पुन्हा बाजीराव. आजोबा नातवात परत येत. त्या नावाला शब्दकोश लागत नव्हता.

याच किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यू राहिले. आडनावं किहीमकर, नवगावकर अशी गावांवरून घेतलेली आणि नावं बायबलमधली, पण इथल्या जिभेवर घोळलेली. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर लोकांसाठी समाजी हसाजी दिवेकर झाले. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये उभारलं ते त्यांनीच. दूरच्या ग्रंथातून आलेलं नाव परकं राहिलं नाही, कारण त्यामागची गोष्ट घरोघरी सांगितली जात होती.

नावं उलट दिशेनेही प्रवास करतात. हॅरी पॉटरच्या पहिल्याच पुस्तकात, 1997 साली, जादूच्या शाळेत पाटील आडनावाच्या जुळ्या बहिणी दाखल होतात. त्या पद्मा आणि पार्वती. पेण-उरणात हाक मारली तर निम्मं गाव वळून पाहील असं आडनाव त्या जादूनगरीत जाऊन बसलं! रोहनची गंमत वेगळीच. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ते घोडेस्वारांचं राज्य आहे आणि आपल्याकडे शेजारचा मुलगा. उच्चार एक, गोष्टी दोन. आपल्या रोहनला कोणती मिळेल, हे त्याला ती कोण सांगतं यावर ठरतं.

मात्र गोष्टीतलं नाव घेताना एक पथ्य पाळावं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका 2011 मध्ये सुरू झाली आणि अमेरिकेत कितीतरी मुलींची नावं खलीसी ठेवली गेली. खलीसी हे खरं तर त्या मालिकेसाठी रचलेल्या भाषेतलं राणीपद. ते पद मिरवणारी, गुलामांना मुक्त करणारी नायिका आईबापांना भावली होती. 2019 मध्ये मालिका संपता संपता तिनेच शरण आलेलं शहर जाळून टाकलं. तोवर त्या मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या.

तेव्हा कल्पनेतलं नाव ठेवायला हरकत नाही. आजवरची कितीतरी सुंदर नावं कुणाच्या ना कुणाच्या कल्पनेतूनच आली आहेत. हरकत आहे ती खोट्या अर्थाला. एखाद्या नावाला ओढूनताणून संस्कृत मूळ चिकटवलं, तर मूल मोठं झाल्यावर ते एका मिनिटात शोधून काढेल आणि आपल्या बारशालाच थाप मारली गेली हे त्याला कळेल. त्यापेक्षा “तुझी आई तो सिनेमा पाहून खूप हसली होती, म्हणून हे नाव” हे उत्तर कितीतरी मोलाचं आहे.

तुमच्या घरी पाळणा हलणार असेल, तर नाव पक्कं करण्याआधी त्याची गोष्ट शेवटपर्यंत वाचा. आवडली तर बेलाशक ठेवा आणि बारशाला आजोबांनी अर्थ विचारला, की मोबाइल न काढता खरी हकीकत सांगा.