रतामाच्या झुडपाखालीं एलीया
(वाचावयाचा भाग: १ राजे १९:१–१८)



कर्मेल डोंगरावर जय मिळविलेला एलीया पुढच्याच अध्यायांत रानांत एकटा जाऊन बसतो, आणि आपला प्राण घ्यावा म्हणून देवाजवळ मागतो. एवढा मोठा संदेष्टा जीवास कंटाळला! तर मग आपल्या मंडळींतील कोणी कर्जानें, दुखण्यानें किंवा घरांतील छळानें तसें बोलूं लागला, तर त्यास अविश्वासी म्हणण्याचा आपणांस काय अधिकार? देव एलीयाशीं कसा वागला तें पाहा.

पहिलें, देवानें त्यास दोष दिला नाहीं. दूतानें त्यास स्पर्श केला, भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हां निजूं दिलें. थकलेल्या जिवास उपदेशाच्या आधीं विसावा पाहिजे.

दुसरें, देवानें त्यास विचारिलें. होरेब डोंगरावर त्यानें एलीयास तेथें येण्याचें कारण दोनदां विचारिलें, आणि दोन्ही वेळां त्याचें गाऱ्हाणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें. आजचे मानसोपचारतज्ज्ञही असेंच करितात. “जीव द्यावा असें तुमच्या मनांत येतें काय?” असें ते शांतपणें व सरळ विचारितात. विचारिल्यानें तो विचार मनांत पेरला जाईल, अशी पुष्कळांस भीति वाटते. परंतु अभ्यासकांस तसें आढळलें नाहीं. उलट, कोणीं विचारिलें म्हणजे मनाचा भार हलका होतो. उत्तर ‘होय’ आलें, तर ते रागावत नाहींत, किंवा ‘मुलांबाळांकडे पाहा’ असें म्हणून त्याचें तोंड बंद करीत नाहींत. कांहीं बेत ठरविला आहे काय, साधन जवळ आहे काय, हें विचारितात. आणि आजची रात्र कोणाच्या सोबतीनें काढावयाची, हें त्याच्याशींच बोलून ठरवितात.

तुम्ही म्हणाल, आम्ही तज्ज्ञ नाहीं. १९५३ सालीं लंडन शहरीं चॅड व्हारा नांवाच्या पाळकानें अशा दुःखितांसाठीं काम आरंभिलें. त्याच्या भेटीसाठीं थांबलेल्या लोकांना साधीं माणसें चहा देत व त्यांचें ऐकून घेत. पुष्कळांस तेवढ्यानेंच धीर येई. ऐकण्यास पदवी लागत नाहीं.

तिसरें, देवानें एलीयास एकटें ठेविलें नाहीं. त्यास अलीशा दिला. म्हणून उपदेशकांनो, “मी हें कोणास सांगणार नाहीं” असें वचन देऊं नका. धोका जवळ दिसला, तर त्या मनुष्यास क्षणभरही एकटें सोडूं नका. फवारणीचें औषध त्याच्या घरांतून काढून दुसरीकडे कुलपांत ठेवा. त्यास सरकारी दवाखान्यांत घेऊन जा. १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ सालापासून चालू आहे. तेथें रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें, मराठींतही. पोलिसांच्या भीतीनें गोष्ट लपवूं नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचा रोख अशा मनुष्यास शिक्षा नव्हे, तर उपचार मिळावे असाच आहे.

बंधूंनो, प्रार्थना अवश्य करा. परंतु प्रार्थना करून त्यास एकट्यास घरीं धाडूं नका. देवानें एलीयाकडे प्रथम उपदेश पाठविला नाहीं, भाकर घेऊन दूत पाठविला. तुमच्या गांवांत आज रतामाखालीं कोण बसलें आहे? उठा, आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.