नाताळचे टेबल आणि एक जास्तीचे ताट



नाताळनिमित्त आपण जेवणाचे टेबल फुलांनी, मेणबत्त्यांनी सजवतो. जरूर सजवू या. पण बाळ येशूला गव्हाणीत, गुरांच्या चाऱ्याच्या जागी, ठेवले होते, हे विसरू नये. पोलंडमधील ख्रिस्ती कुटुंबे नाताळच्या पूर्वसंध्येला टेबलक्लॉथखाली थोडे वाळलेले गवत पसरतात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्त मांडतात.

पळसदरीत आपल्याला मूठभर पेंढा सहज मिळेल. पाहुणाही दूर नाही. कर्जत-खालापूर भागातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर घर सोडून वीटभट्टीवर राहतात. योसेफ-मरियेसारखीच, घरापासून दूर. जे परतफेड करू शकत नाहीत त्यांना जेवायला बोलवा, असे प्रभू सांगतो (लूक १४:१२-१४). म्हणून यंदा जास्तीचे ताट मांडू या आणि त्या ताटावर बसणाऱ्याला आधीच आमंत्रण देऊ या.