गाडी किती देते?

पेट्रोलचा हिशेब काढताना आपण गाडी ‘किती खाते’ असं सहसा विचारत नाही, ‘किती देते’ असं विचारतो. म्हैस सहा लिटर देते, तशी गाडी चौदाचं अ‍ॅव्हरेज देते. या ‘देते’मुळे एक प्रश्न मागे पडतो. टाकीत तेवढंच पेट्रोल असताना गाडी दोन किलोमीटर जास्त ‘देऊ’ लागली, तर ते दोन किलोमीटर आले कुठून? कुणाकडून घेतले? ऊर्जा आपोआप तयार होत नाही हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, पण तिथे परीक्षेपुरतं लिहून आपण पुढे जातो.

कर्जत तालुक्यातल्या माझ्या एका परिचिताकडे, त्याला इथे भाऊ म्हणू, १९९६ सालची मारुती ओम्नी आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटर. शतक उलटता उलटता मारुतीने गाड्यांना फ्युएल इंजेक्शन बसवायला सुरुवात केली, ही त्याआधीची. मागच्या सीटा कधीच निघाल्या, त्यामुळे गावात सगळे तिला पिकअप म्हणतात. सकाळी नेरळच्या बाजारातून भाजी, पाव, अंडी भरायची आणि घाट चढून माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर उतरवायची. तिथून पुढे मोटारींना बंदी, माल घोड्यांवर किंवा हातगाड्यांवर जातो. दिवसाला तीन-चार फेऱ्या. मिळकतीतला सगळ्यात मोठा खड्डा पेट्रोलचा, त्यामुळे ‘किती देते’ हा भाऊसाठी संसाराचा प्रश्न आहे.

कार्बोरेटर ही फार साधी गोष्ट आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने शेजारच्या वाटीतलं पेट्रोल पितळी जेटच्या भोकातून वर येतं. भोक मिलिमीटरपेक्षा लहान. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण फक्त त्या भोकावर, वाटीतल्या पातळीवर आणि एक-दोन स्क्रूंवर ठरतं. इंजिन गरम आहे का, हवा विरळ झाली आहे का, यातलं काहीही कार्बोरेटरला कळत नाही. नेरळपेक्षा दस्तुरीला हवा सहा-सात टक्के विरळ असते, पण जेटचं भोक तेवढंच राहतं. म्हणून वर जाता जाता मिश्रण घट्ट होतं आणि प्लग काळा पडतो.

खालापूर तालुक्यात चौकजवळ भाऊचा मेस्त्री आहे. त्याने अकराचं अ‍ॅव्हरेज चौदावर नेलं. यात जादू काही नव्हती. एअर फिल्टर धुळीने बुजला होता, चोक पूर्ण उघडत नव्हता, फ्लोटची पातळी वर होती, मागचा एक ड्रम घासत होता आणि टायरमध्ये हवा कमी होती. हे तीन किलोमीटर कुणाच्या खिशातून आले नाहीत. आधी ते पेट्रोल काळा धूर आणि गरम ड्रम होऊन वाया जात होतं. बचतीचं हे एवढंच रूप जगात असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

पण माणूस तिथे थांबत नाही. भाऊने मेस्त्रीला सांगितलं, “अजून थोडं बारीक कर.” म्हणजे मिश्रणात पेट्रोल आणखी कमी. मेस्त्री म्हणाला, “करतो की. आत्ता वाचेल, वर्षाने हेड खोलायला येशील.” पातळ मिश्रण हळू जळतं, जळता जळता एग्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी पोचतं आणि तो भाजून निघतो. शिवाय चढावर जोर कमी पडतो म्हणून पाय जास्त दाबला जातो आणि वाचलेलं तिथेच जातं. ही बचत म्हणजे पुढच्या वर्षीच्या स्वतःकडून घेतलेली उचल. भाऊने विचार करून नको म्हटलं. तो गाडी विकणार असता तर काय म्हणाला असता, हे मी त्याला विचारलं नाही. भाजलेला व्हॉल्व्ह मग पुढच्या मालकाच्या वाट्याला आला असता.

खरी अडचण उतारावर आहे. दस्तुरीहून नेरळला येताना भाऊ बऱ्याचदा गाडी न्यूट्रल करतो आणि सरळ पट्ट्यांवर इंजिनही बंद ठेवतो. बोरघाटात खोपोलीकडे उतरणारे कितीतरी ट्रकवाले हेच करतात. चढताना जो गियर तोच उतरताना, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळ्यांनी घोकलेलं असतं, तरी करतात. ‘मूर्ख आहेत’ म्हणून आपण विषय संपवतो. हिशेब मांडल्यावर मला तसं म्हणता येईना.

गाडी, माल, माणूस मिळून एक टन धरू. नेरळहून दस्तुरी साधारण ७०० मीटर उंच. तेवढं वजन तेवढं वर न्यायला जवळपास ७० लाख ज्यूल लागतात. एक लिटर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटी ज्यूल असतात, पण छोटं इंजिन त्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचवतं. म्हणजे नुसत्या उंचीसाठी पाऊण ते एक लिटर गेलं. हे पेट्रोल भाऊने विकत घेतलेलं आहे आणि वर पोचल्यावर ते उंचीच्या रूपात गाडीत शिल्लक आहे. उतरताना ते त्याला परत हवं, यात हावरटपणा कुठे आला? उलट गियरमध्ये उतरलं तर कार्बोरेटर पाय काढल्यावरही पेट्रोल पाजत राहतो, कारण इंजिनची ओढ चालू असते. उतरताना असं पाव लिटरच्या आसपास जातं. शंभरच्या वरच्या भावाने फेरीमागे पंचवीस रुपये, चार फेऱ्यांचे शंभर. महिन्याला घरातला गॅस सिलिंडर आणि मुलीची शिकवणी यात बसते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. ते ७० लाख ज्यूल खाली येईपर्यंत कुठेतरी जायलाच हवेत. थोडे टायर आणि हवा घेतात. न्यूट्रलमध्ये उरलेले सगळे ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातात आणि ती उष्णता बादलीभर पाणी गार अवस्थेतून उकळीपर्यंत न्यायला पुरेल इतकी असते. लायनिंग तापली की पकड सुटते. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद केलं की दोन-चार दाबांनंतर पेडल दगडासारखं होतं. याच डोंगरावर १९०७ पासून धावणाऱ्या छोट्या गाडीला हे ठाऊक आहे. तिच्या डब्यांवर ब्रेकमन असत आणि इंजिनची शिटी ऐकून हाताने ब्रेक आवळत. उतरणं हे काम आहे आणि त्याची मजुरी द्यावी लागते, हे रेल्वेने तेव्हाच मान्य केलं होतं.

भाऊच्या गाडीत ती मजुरी कोण देतं? येताना मागच्या रिकाम्या क्रेटांवर हॉटेलांत काम करणारी दोन-तीन पोरं बसलेली असतात. समोरून दुचाकी चढत असतात, वळणावर फोटो काढणारे उभे असतात. पंचवीस रुपये भाऊचे आणि रोजचे; धोका या सगळ्यांचा आणि कधीतरीचा. शंभर वेळा काही होत नाही, त्यामुळे एकशे एकाव्या वेळीही होणार नाही असं वाटू लागतं. अनुभव इथे उलटं शिकवतो. क्रेटवरच्या पोराला विचारलं तर तो हो म्हणेलही, पण त्याला कुणी विचारलेलं नाही, आणि फुकट आलेला माणूस नाही म्हणू शकत नाही.

मी हे भाऊला बोललो. तो चिडला नाही. “दादा, तुमची गाडी उतारावर काय करते?” एवढंच त्याने विचारलं.

उत्तर मला नेमकं माहीत आहे. माझ्या गाडीत इंजेक्शन आहे. पाय काढला, इंजिनचे फेरे ठराविक आकड्याच्या वर असले, तर संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो. चाकं इंजिनला फिरवतात, इंजिन चाकांना आवरतं आणि खर्च शून्य. कोडमध्ये ही जेमतेम दोन-तीन अटींची गोष्ट. असल्या अटी लिहिणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. म्हणजे उतारावर मला बचत आणि सुरक्षितता दोन्ही मिळतात आणि निवड करावीच लागत नाही. माझा सज्जनपणा गाडीबरोबर ईएमआयवर आला आहे. भाऊला मात्र प्रत्येक वळणावर पंचवीस रुपये विरुद्ध क्रेटवरची पोरं असा प्रश्न पडतो, आणि तो चुकला की ती त्याची वृत्ती ठरते.

म्हणून न्यूट्रल क्षम्य ठरतं का? मला तसं वाटत नाही. गियरमध्येच उतरायला हवं. पंचवीस रुपये दुसऱ्याच्या हाडांवर वाचवायचे नसतात. पण ते पंचवीस रुपये भाऊनेच सोसावेत, हेही मला पटत नाही. फेरीचे पैसे ठरवताना वरचा दुकानदार पन्नास रुपये पाडून मागतो, त्याच्याकडून हॉटेलवाला पाडून मागतो आणि शनिवारी वर जाऊन थाळी महाग आहे म्हणणारे आम्ही असतो. या घासाघिशीत उतारावरचा गियर कधीच विकला गेलेला असतो. दस्तुरीच्या पुढे तर पेट्रोल संपतं आणि माणसाचं अंग सुरू होतं. तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये द्यावा लागला. माणूस ओढत असलेल्या गाडीला ‘किती देते’ असं विचारायची सोय तरी कुठे आहे?

सरकारही बचत करतं. इंधन वाचवा म्हणून सांगणारी पीसीआरए ही संस्था १९७८ सालची. सिग्नलला इंजिन बंद करा हे आपण तिच्या जाहिरातींतूनच शिकलो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर आणलं गेलं. परकीय चलन वाचतं, ऊसवाल्याला आणि कारखान्याला पैसे मिळतात, आणि या गोष्टी खोट्या नाहीत. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि त्याला जळायला हवाही कमी लागते. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. भाऊच्या जेटला काहीच कळत नाही. भोक तेवढंच, त्यामुळे मिश्रण आपोआप पातळ. भाऊने ‘नको’ म्हणून टाळलेली गोष्ट पंपावरूनच टाकीत आली. मेस्त्रीने जेट एक नंबर मोठा केला, काही रबरी नळ्या बदलल्या, आणि चौदाची गाडी तेरा देऊ लागली. देशाने वाचवलेल्यातला हा एक किलोमीटर भाऊने भरला आहे, आणि त्याची पावती कुणी फाडलेली नाही. ‘मग जुनी गाडी काढून टाक’ हा सल्ला देणाऱ्यांनी नवीचा हप्ता फेऱ्यांच्या दरात बसवून दाखवावा.

माझे काही मित्र या सगळ्यावर जेव्हन्स सांगतात. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या पुस्तकात दाखवलं की वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा इंग्लंडचा कोळसा कमी न जळता जास्त जळू लागला. स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त वापरतो. म्हणून अ‍ॅव्हरेज वाढवून पृथ्वी वाचत नाही, असा त्यांचा मुद्दा. आकड्यांपुरता तो बरोबरही आहे. अकराची गाडी चौदा देऊ लागल्यावर भाऊचं महिन्याचं पेट्रोल फारसं कमी झालं नाही, हे मी त्याच्या वहीत पाहिलं आहे. वाचलेल्या पेट्रोलवर महिन्यातून एकदा तो आईला खोपोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. पूर्वी ती दोन एसट्या बदलून एकटी जायची, किंवा त्या महिन्यात जायचीच नाही.